टीम परत उभी करायला किती वर्षं लागतात, आणि तोवर पिच्चर कुठला बघायचा?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की मी मेलबर्नच्या वेस्टर्न बुलडॉग्ज या फूटी क्लबची (१९९६ पर्यंतचं नाव फूट्सक्रे) सपोर्टर आहे आणि दर मार्चला, सीझन सुरू व्हायच्या आधी, 'इयर ऑफ द डॉग्ज' ही त्यांच्या १९९६ च्या पडत्या वर्षावरची डॉक्युमेंट्री परत एकदा बघते. त्यावरून इतक्या मेल आल्या की यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, फक्त फूटी आणि पिच्चर. ज्यांनी ही ऑस्ट्रेलियन फूटी कधी बघितलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लंबगोल बॉल, अंडाकृती मैदान, एका बाजूला १८ जण, दोन्ही टोकांना चार चार खांब, लाथ मारलेला बॉल मधल्या दोन खांबांतून गेला की ६ पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला की १. बाकी बघता बघता कळतं.

प्रश्न : ताई, आमचे हे रिचमंड क्लबचे सपोर्टर. २०१७, २०१९, २०२० असे तीन फ्लॅग, म्हणजे चॅम्पियनशिप, बघून झाले आणि आता २०२४ ला अख्ख्या सीझनमध्ये फक्त २ मॅच जिंकल्या, २०२५ ला ५. मॅचच्या दिवशी घरात कुणी बोलत नाही. त्यात चांगले चांगले खेळाडू क्लबनं स्वतःच जाऊ दिले. हे रिबिल्ड रिबिल्ड म्हणतात, टीम परत उभी करणं, ते किती वर्षं चालतं? (टार्नीटहून एक वाचक)

उत्तर : आठ वर्षं धरून चाला. हा आकडा मी मनानं काढलेला नाही, तुमच्या यजमानांच्याच टीमचा आहे. डेमियन हार्डविक कोच म्हणून आला २०१० ला, पहिल्या सलग ९ मॅच हरला, मग हळूहळू टीम वर सरकली आणि २०१३, २०१४, २०१५ अशी तीन वर्षं फायनल्समध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) पोचून पहिल्याच मॅचला घरी आली. २०१६ ला तर परत १३ वा नंबर, आणि शेवटची मॅच सिडनीकडून ११३ पॉइंटनी हरले. तेव्हा कोचला काढा म्हणून केवढी ओरड झाली होती ते यजमानांना विचारा, त्यांना तारखेसकट आठवत असेल. पण प्रेसिडेंट पेगी ओनील आणि सीईओ ब्रेंडन गेल यांनी त्याला ठेवला, आणि पुढच्याच वर्षी ग्रँड फायनलला अ‍ॅडलेडला ४८ पॉइंटनी हरवलं, ३७ वर्षांनी. २०१० ते २०१७, मोजा, आठ सीझन. आणि त्या टीमचं बी तर त्याच्याही आधी पेरलेलं, जॅक रीवोल्ट २००६ च्या ड्राफ्टमधला (ड्राफ्ट म्हणजे वर्षाअखेरीला क्लबांनी नंबरानं नवी पोरं निवडायची, तळाच्या टीमचा नंबर पहिला), कॉचिन आणि रॅन्स २००७ चे, डस्टिन मार्टिन २००९ चा.

आता चांगले खेळाडू का सोडले ते. शाय बोल्टन फ्रीमँटलला गेला, डॅनियल रिओली गोल्ड कोस्टला, लियम बेकर वेस्ट कोस्टला, आणि डस्टी ३०२ मॅच खेळून रिटायर झाला. वाईट वाटतंच, पण हिशोब असा असतो की आत्ता घेतलेली १८ वर्षांची पोरं पंचविशीला येऊन खऱ्या ताकदीनं खेळायला लागतील तेव्हा हे तिघं तिशी ओलांडून गेलेले असणार, मग आत्ता त्यांना किंमत आहे तोवर त्यांच्या बदल्यात ड्राफ्टमधले वरचे नंबर घ्या. २०२४ च्या ड्राफ्टला रिचमंडनं पहिल्या नंबरवर बॅकस मार्शचा सॅम लालोर घेतला आणि पहिल्या पंचवीसमध्येच अर्धा डझन पोरं उचलली.

इथपर्यंत मला पटतं. काळजी वाटते ती पुढची. नुसते वरचे नंबर घेऊन टीम होत नाही, ह्याला शेजारचा कार्लटन साक्षीला आहे. २००५, २००६, २००७ अशी सलग तीन वर्षं पहिला नंबर त्यांच्याकडे होता, मर्फी, गिब्स, क्रूझर, तिघंही चांगले खेळले, मनापासून खेळले, पण फ्लॅग शेवटचा आला तो १९९५ ला, अजून तोच. याउलट ब्रिस्बेन बघा. २०१३ च्या शेवटी त्यांची पाच तरुण पोरं एकदम सोडून गेली, क्लब पार मोडकळीला आलेला. २०१७ ला ख्रिस फेगन कोच म्हणून आला, टास्मानियाचा माणूस, आधी शाळेत मास्तर होता, स्वतः या लीगमध्ये एकही मॅच खेळलेला नाही. पहिल्या वर्षी ५ मॅच जिंकला आणि तळाला, दुसऱ्या वर्षी परत ५. पण त्या दुसऱ्या वर्षी त्यानं ल्यूक हॉजला आणलं, हॉथॉर्नचा चार फ्लॅगवाला, रिटायरमेंट जाहीर करून झालेला माणूस. तो दोन सीझन पोरांच्या मागं उभा राहून मैदानात कोण कुठं उभं राहायचं ते ओरडून सांगत राहिला. २०१९ ला १६ मॅच जिंकून लॅडरवर, म्हणजे गुणतक्त्यात, दुसरे. आणि आता २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन फ्लॅग.

म्हणून रिचमंडकडे बघताना मी लॅडर बघत नाही, लालोरच्या शेजारी वयानं मोठा कोण उभा आहे ते बघते. यजमानांना २०२५ ची पहिलीच मॅच आठवून द्या, एमसीजीवर कार्लटनविरुद्ध, लालोरची आयुष्यातली पहिली, कुणालाही आशा नव्हती आणि १३ पॉइंटनी जिंकले. असे दिवस वर्षातून चारपाचच येणार, त्या दिवशी घरात गोड करा.

प्रश्न : हरणाऱ्या टीमला सगळ्यात चांगला खेळाडू पहिल्यांदा निवडायला देतात म्हणे. हे आम्हा कोल्हापूरकरांना काही पटत नाही. आमच्या तालमीला असं कुणी वाढून दिलं तर आम्ही घेणार नाही. (कोल्हापूरहून एक वाचक)

उत्तर : मी पण मंगळवार पेठेतली, त्यामुळं तुमचं म्हणणं मला बरोबर कळतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तालमींची फुटबॉल मॅच असली की आमच्या गल्लीत दुपारपासून स्वयंपाकघर बंद असायचं. पेठ ठरली की टीम ठरली, पोरगं जन्मालाच त्या तालमीचं येतं, त्यात निवडायचा प्रश्नच नाही.

पण गंमत म्हणजे इथंही आधी जवळपास तसंच होतं. ड्राफ्ट येण्याआधी मेलबर्नच्या क्लबांना भाग वाटून दिलेले, ज्या भागात पोरगं राहतं त्या भागाच्या क्लबकडूनच त्यानं खेळायचं. आता भाग वाटून दिले की कुणाला चांगली जमीन मिळते कुणाला खडकाळ, हॉथॉर्नला मॉर्निंग्टनचा भाग मिळाला आणि तिथून त्यांना पिकावर पीक येत राहिलं. वर पैसेवाले क्लब दुसऱ्या राज्यांतले तयार खेळाडू विकत आणायचे आणि गरीब क्लब त्यांच्याशी बरोबरी करताना कर्जात जायचे. साउथ मेलबर्न १९८२ ला उठून सिडनीला गेलं. आमच्या फूट्सक्रेला १९८९ ला फिट्झरॉयमध्ये मिसळून टाकायचं जवळपास ठरलंच होतं, तेव्हा लोकांनी डबे घेऊन दारोदार फिरून, स्टेशनवर उभं राहून पैसे जमवले आणि क्लब वाचवला. फिट्झरॉयला ते जमलं नाही, १९९६ नंतर तो ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. म्हणजे शंभरहून जास्त वर्षांची एक आख्खी पेठच नकाशावरून गेली असं समजा.

ड्राफ्ट १९८६ ला आला आणि खेळाडूंवर खर्च किती करायचा त्याची मर्यादा १९८७ ला, ते हे सगळं बघून. तळाच्याला पहिला नंबर, चॅम्पियनला शेवटचा. वाढून देणं म्हणा हवं तर, पण त्यामुळंच बुलडॉग्जचा ६२ वर्षांचा दुष्काळ २०१६ ला संपला, रिचमंडचा २०१७ ला, मेलबर्नचा ५७ वर्षांचा २०२१ ला. आणि तुम्हाला आवडेल असा एक नियम त्यांनी ठेवलाय, बाप ज्या क्लबकडून १०० मॅच खेळला असेल त्या क्लबला त्याच्या पोरावर पहिला हक्क. ब्रिस्बेनचा विल अ‍ॅशक्रॉफ्ट तसाच आला, त्याचा बाप मार्कस २००१ ते २००३ च्या तिन्ही फ्लॅगमध्ये होता, आणि पोरगा २०२४ आणि २०२५ दोन्ही ग्रँड फायनलला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तालमीचं रक्त म्हणतात ते हेच की.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना शेवटी जिंकणारेच पिच्चर लागतात. शेवटच्या मिनिटाला गोल, स्लो मोशन, सगळे रडतायत, संपलं. तुम्ही हरणाऱ्या टीमचा पिच्चर दरवर्षी बघता याचं त्यांना नवल वाटलं. तुमची आवड अशी कशी? (जिलाँगहून एक वाचक)

उत्तर : मिस्टरांच्या आवडीत काही वाईट नाही, मला पण शेवटच्या मिनिटाचा गोल आवडतो, कुणाला नाही आवडत. पण मी वाढले कोल्हापुरात, जयप्रभा स्टुडिओच्या गावात. आमच्या ओळखीत पिच्चरचे सेट उभे करणारे सुतार होते आणि लहानपणी मला हिरो हिरॉइनपेक्षा ते लोक जास्त भारी वाटायचे, कारण सकाळी जिथं काहीच नव्हतं तिथं संध्याकाळी वाड्याचा दरवाजा उभा. तेव्हापासून मला पिच्चरमध्येसुद्धा काम दिसलेलं आवडतं. कोण खांब रोवतंय, पैसे कुठून आणले, कोण रुसलं, कोणाला परत बोलावून आणलं.

'चक दे इंडिया' मी कितीतरी वेळा बघितलाय आणि माझ्या डोक्यात फायनलची पेनल्टी नसतेच, मला आठवतो तो सुरुवातीचा भाग, पोरी ओळख करून देताना एकेक करून आपापल्या राज्याचं नाव सांगतात आणि कोच त्यांना बाजूला काढत जातो. टीम तिथं सुरू होते. नागराज मंजुळेंचा 'झुंड' मला त्याहून जवळचा वाटतो कारण त्यात मोठी मॅच मध्येच येऊन जाते, आणि खरी धावपळ पुढं सुरू होते, पासपोर्ट, कागद, एअरपोर्ट. मॅच जिंकल्यावरही एवढं सगळं उरतं हे दाखवायला हिंमत लागते. माझ्या बऱ्याच मैत्रिणींना तो लांब वाटला. मला वाटला नाही.

आता 'इयर ऑफ द डॉग्ज'. कॅमेरा आख्खं १९९६ चं वर्ष फूट्सक्रे क्लबच्या आत फिरतो. हरणं चालू, पैसा नाही, सीझनच्या मध्यात कोच अ‍ॅलन जॉइसला काढतात आणि टेरी वॉलेसला बसवतात, ड्रेसिंग रूममधली चिडचिड, आणि त्याच्या जोडीला साध्या सपोर्टर बायका, ज्या पावसात कुडकुडत उभ्या राहून त्याच टीमसाठी ओरडत असतात. शेवटी काय होतं? खालून दुसरे. बस. कुणी जिंकत नाही. आणि लगेच पुढच्या वर्षी हीच टीम फायनल्समध्ये गेली, ग्रँड फायनलच्या उंबऱ्यावर अ‍ॅडलेडकडून २ पॉइंटनी हरली, पण ते पिच्चरमध्ये नाहीच, ते आपल्याला माहीत असतं म्हणून बघताना पोटात तुटतं.

मी मेलबर्नला आले तेव्हा पहिलं घर फूट्सक्रेला होतं, स्टेशनजवळ, भाडं परवडायचं म्हणून. ऑफिसातल्या एका आजींनी ही सीडी दिली आणि म्हणाल्या आधी हे बघ, मग ठरव. मी ठरवलं. त्यानंतर बरीच वर्षं ग्रँड फायनलच्या दिवशी मी दुसऱ्यांच्या टीमा बघत होते. २०१४ च्या शेवटी तर कॅप्टन ग्रिफननं दुसरीकडे जायचंय म्हणून सांगितलं, कोच पण गेला, आणि ग्रिफनच्या बदल्यात वीस वर्षांच्यासुद्धा आतल्या टॉम बॉयडला ७ वर्षांसाठी ७० लाख डॉलरवर आणलं, सगळ्यांनी क्लबला वेड्यात काढलं. दोन वर्षांनी, २०१६ ला, लॅडरवर सातवे असताना पर्थला जाऊन जिंकलो, मग हॉथॉर्नला हरवलं, मग सिडनीत जीडब्ल्यूएसला (सिडनीतलीच दुसरी टीम) ६ पॉइंटनी, आणि ग्रँड फायनलला सिडनीला ८९-६७. बॉयडनं ३ गोल मारले, एक तर लांबून मारलेला, टप्पे खात खात आत गेला.

पण तुम्हाला सांगायचंय ते पुढचं. बॉब मर्फी, आमचा कॅप्टन, २००० पासून खेळत होता, त्या वर्षी तिसऱ्याच राउंडला गुडघा गेला. फायनलला तो खेळता येत नाही म्हणून बाहेर बसलेला. मेडल वाटताना कोच ल्यूक बेव्हरिजनं त्याला स्टेजवर बोलावलं आणि स्वतःच्या गळ्यातलं मेडल काढून त्याच्या गळ्यात घातलं. मी घरी सोफ्यावर होते आणि माझा नवरा, ज्याला फूटीतलं फार काही कळत नाही, तो उठून किचनमध्ये गेला, डोळे पुसायला. मिस्टरांना सांगा, त्यांना हवा तसा शेवट खऱ्या आयुष्यात पण होतो, आणि तो दिवस मला एवढा लागला कारण त्याच्या आधीची सगळी वर्षं मी त्या सीडीसकट बघितली होती. दोघांनी मिळून एकदा 'इयर ऑफ द डॉग्ज' बघा आणि लगेच २०१६ ची फायनल लावा. मग मला लिहा.

प्रश्न : माझा मुलगा मेलबर्नला शिकतो, तो म्हणाला की ड्राफ्टमध्ये निवडलं की १८ वर्षांच्या मुलाला देशाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं, नाही म्हणता येत नाही. आईच्या जिवाला कसं वाटत असेल हो? (पुण्याहून एक आई)

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मी थोडा वेळ नुसती बसले. सगळे नंबर आणि ट्रेडच्या (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) गप्पांत हे विसरलं जातं की नोव्हेंबरमध्ये ज्याचं नाव पुकारतात त्याची बारावीची परीक्षा आत्ता कुठं संपलेली असते. काही पोरं रुळतात, काही रुळत नाहीत. जेसन हॉर्न-फ्रान्सिसला नॉर्थ मेलबर्ननं २०२१ ला पहिल्या नंबरवर घेतलं, एक सीझन खेळून तो अ‍ॅडलेडला घरी परत गेला, पोर्ट अ‍ॅडलेड क्लबकडे. लोकांनी त्याला फार बोललं, मला ते आवडलं नाही. ती टीम त्या वर्षी २ मॅच जिंकली होती आणि सीझनच्या मध्यातच कोच गेला, अशा घरात नव्या पोराचं मन कसं लागणार? आणि वर सांगितलेला आमचा बॉयड, फायनल जिंकून देणारा, त्यानं पुढं डिप्रेशनबद्दल स्वतः उघडपणे सांगितलं आणि २३ व्या वर्षी खेळ सोडला. किंमत गळ्यात बांधून पोराला मैदानात पाठवलं की असं होतं.

यावर एक जुना पिच्चर आहे, 'द क्लब', १९८० चा, ब्रूस बेरेसफर्डचा, डेव्हिड विल्यमसनच्या नाटकावरून केलेला. त्यात टास्मानियाहून भरपूर पैसे देऊन एक पोरगा आणलेला असतो आणि तो खेळतच नाही, आणि कमिटी, कोच, जुने खेळाडू सगळे त्याच्यावरून एकमेकांशी भांडत असतात, त्याच्याशी धड बोलायला मात्र कुणाला वेळ नाही. मला फूटीवरच्या कथा-पिच्चरांमध्ये हा सगळ्यात जास्त आवडतो. मुलाला सांगा बघायला, तुम्ही पण बघा, भाषा जरा शिवराळ आहे तेवढं चालवून घ्या.

आता क्लब बरंच बघतात, पोराला आधी एखाद्या कुटुंबात ठेवतात, गरम जेवण मिळतं. आई मॅचला विमानानं येते. तुमच्या मुलाला फोन करत राहा.

प्रश्न : मी १५ वर्षांचा आहे, नॉर्थ मेलबर्नचा सपोर्टर. बाबांनी नॉर्थचा स्कार्फ दिला होता म्हणून. मी फूटी समजायला लागल्यापासून आम्ही खालीच आहोत, १७ वे, १८ वे, परत १८ वे, १७ वे, १७ वे, आणि २०२५ ला १६ वे. शाळेत सगळे चिडवतात. टीम बदलली तर चालेल का? (वेरिबीहून)

उत्तर : चालेल की, कुणी तुला अडवणार नाही. पण मला विचारतोयस म्हणजे तुला बदलायची नाहीये, हो ना?

तू दिलेले आकडे बरोबर आहेत, आणि सहा वर्षं असं बघणं सोपं नाही, तुझ्या वयाला तर ती निम्मी शाळा झाली. पण हे बघ, हॉर्न-फ्रान्सिस गेला तेव्हा त्या ट्रेडमधून जे नंबर हाती आले त्यातूनच नॉर्थला हॅरी शीझल आणि जॉर्ज वॉर्डलॉ मिळाले. शीझलनं तर पहिल्याच वर्षी, २०२३ ला, रायझिंग स्टार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम नव्या खेळाडूचं बक्षीस, जिंकला, बॉल हातात आला की तो घाई करत नाही, तेवढंच बघायला मी तुमच्या मॅच लावते. कोच क्लार्कसन आहे, हॉथॉर्नला चार फ्लॅग दिलेला, आणि तिथंही त्यानं २००५ ला अशीच कच्ची पोरं हातात घेतली होती, रफहेड, फ्रँकलिन, लुइस, तिघंही २००४ च्या एकाच ड्राफ्टमधले, फ्लॅग आला २००८ ला. नॉर्थचं इतक्या लवकर होईल असं मी म्हणणार नाही, मला त्यांचा बचाव अजून फार ढिला वाटतो.

शाळेत चिडवणाऱ्यांना उत्तर देत बसू नकोस. सुट्टीत एक दिवस आर्डन स्ट्रीटला जा, लोकांना बघू देतात अशा दिवशी ट्रेनिंग बघ, कुंपणाला टेकून उभा राहा आणि ट्रेनिंग संपल्यावरही कोण एकटा गोलवर किक मारत थांबतो ते बघ. नाव लिहून ठेव. बाबांना बरोबर ने, आणि त्यांना १९९६ आणि १९९९ च्या फ्लॅगबद्दल विचार, ते इथं नव्हते तेव्हा पण त्यांनी स्कार्फ नॉर्थचाच का घेतला ते पण विचार. ते उत्तर मला पाठव, पुढच्या अंकात छापते.